काडीपैलवानांसाठी

सतरा-अठराचा, ५५ किलोचा फर्स्ट इयरवाला रोज दोन तास फुटबॉल खेळतो आणि म्हणतो, "खातो भरपूर, पण अंगाला लागतच नाही!" लागणार कसं? खेळण्यासकट दिवसभरात एकूण जळतं त्यापेक्षा रोज ३००-४०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. प्रोटीन किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे ह्याला ८८. मेसच्या पातळ वरणातून (ज्यात डाळ शोधावी लागते) ते येणं अवघडच. मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम, अंड्यात ६, ग्लासभर दुधात ८. प्रॅक्टिसनंतर दूध-केळी घ्या. आठवड्यातून तीनदा जोर, बैठका, पुल-अप्स. आकडा हळूहळू वाढवत. नाहीतर नुसतं पोट सुटेल. महिन्याला किलोभर वाढलं तरी पुष्कळ. घाईपोटी जिममधली बिनलेबलची पावडर नको. त्यात स्टेरॉइड असलं तर ह्या वयात उंचीच खुंटू शकते.