डाळगिरणीतील धूळ आणि पिशव्यांची गाळणी

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. या भागातील काळ्या जमिनीत कापसाबरोबर तूरही पिकते. अशा गावांतून डाळगिरणी काढण्याचा विचार होतो तेव्हा यंत्रांची किंमत बारकाईने पाहिली जाते; धुळीचा विचार मात्र गिरणी सुरू झाल्यावर होतो. तो आधी व्हावयास हवा.

तुरीला तेलपाणी लावून ती वाळवितात व रुळावर घालतात. तेथे घर्षणाने टरफलाबरोबर पीठही उडते. जाड कण खाली बसतात. डोळ्यांस न दिसणारे कण श्वासावाटे फुप्फुसांत खोल जातात. शिवाय तुळयांवर साचलेले कोरडे पीठ एकदम उधळले व त्यास ठिणगी मिळाली, तर स्फोट होऊ शकतो. पंखा लावून धूळ खिडकीबाहेर फेकणे हा उपाय नव्हे; त्याने ती शेजाऱ्याच्या अंगणात जाते, इतकेच. धूळ जेथे उडते तेथेच ती ओढून घेतली पाहिजे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम १४ मध्येही हेच तत्त्व होते.

रुळावरील झाकणातून नळाने ओढलेली हवा प्रथम सायक्लोनमध्ये जाते. तेथे ती गरगर फिरते व जड टरफल कडेला आपटून खाली पडते. उरलेली बारीक धूळ गाळणीच्या पेटीत येते. पेटीत तारेच्या पिंजऱ्यांवर चढविलेल्या लांब पिशव्या टांगलेल्या असतात. हवा कापडातून आत शिरून वरून बाहेर पडते. धूळ बाहेरील अंगास चिकटते. ठराविक वेळाने दाबाखालील हवेचा क्षणभर झोत वरून सोडला, की पिशवी फुगते व धूळ झडून तळच्या नरसाळ्यात पडते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कापडाची छिद्रे अतिसूक्ष्म कणांपेक्षा मोठी असतात. खरे गाळण्याचे काम कापडावर बसलेला धुळीचा पातळ थर करतो. म्हणून नवी पिशवी प्रथम थोडी धूळ सोडते, आणि वारंवार झाडलेली पिशवीही तसेच करते. उलट थर फार जाड झाल्यास पंख्याची ओढ कमी पडते व धूळ पुन्हा रुळापाशी उडू लागते. पिशवीच्या दोन्ही अंगांच्या दाबातील फरक पाणी भरलेल्या यू-नळीने मोजता येतो. तो साधारणपणे १०० ते १५० मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका राहू द्यावा. फरक एकाएकी घटला तर पिशवी फाटली असे समजावे.

कापड किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ३० घनमीटर हवा ओढावयाची असून दर चौरस मीटर कापडातून मिनिटाला १.२ घनमीटर हवा जाऊ द्यावयाची असेल, तर २५ चौरस मीटर कापड हवे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या व अडीच मीटर लांबीच्या सुमारे २२ पिशव्यांत तेवढे मिळते. पैसे वाचविण्यासाठी पिशव्या कमी केल्यास धूळ कापडात रुतते व त्या लवकर निकामी होतात.

तेलकट किंवा दमट धूळ पिशव्यांचा मोठा शत्रू होय. तूर पुरती वाळल्याखेरीज रुळावर घालू नये. पेटी व नळ जमिनीशी तारेने जोडावेत, म्हणजे घर्षणाची वीज साचत नाही. तूर साफ करताना उडणारी माती मात्र या गाळणीत आणू नये. तिची वाट निराळी ठेवल्यास रुळावरील पीठ स्वच्छ राहते व चुणीत मिसळून जनावरांस घालता येते.