मातीचा बैल आणि काळविटाची उडी

पोळ्याच्या सुमारास घ्यावयाचा हा पाठ इयत्ता तिसरी व चौथीच्या मुलांकरिता आहे. हस्तव्यवसाय, परिसर-अभ्यास व शारीरिक शिक्षण यांचा त्यात मेळ साधतो. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, ही वऱ्हाडातील चाल शिक्षकांस ठाऊकच आहे. परंतु ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ घरी गोठा उरला नाही आणि बाजारातील साच्याचा बैल आणून हौस भागविली जाते. साच्याच्या बैलाला खांदा असतो, पण तो जुवाचा घट्टा पडलेला खांदा नसतो. म्हणून प्रथम गावातील एखादी बैलजोडी मुलांना दाखवावी. वशिंड, पोळी, शेपटीचा गोंडा, खांद्यावरील घट्टा हे मुलांनी हात लावून पाहावे. धन्याला जवळ उभे करावे.

कारंजा परिसरातील काळी माती चिकट असते, मात्र वाळताना फार आकसते व तडकते. तीत बारीक कुटार व थोडी रेती मिसळून ती चांगली तुडवावी. मूर्ती सावलीत वाळवावी. बैलाच्या शिंगांसाठी बाभळीचा जोडकाटा उत्तम. तो निसर्गतःच दुहेरी येतो. काळविटाची शिंगे मात्र पीळदार असतात. त्यांकरिता काडीवर अंबाडीचा दोर गुंडाळावा. नराची पाठ वयाबरोबर काळपट होत जाते, मादी व पाडस पिवळसर तपकिरी असतात. हा भेद रंगविताना मुलांच्या ध्यानात राहतो.

आता नृत्याकडे. येथे शिक्षकांनी घाई करू नये. बैल चालताना एका बाजूचा मागला पाय आधी उचलतो, नंतर त्याच बाजूचा पुढला. मग दुसऱ्या बाजूचा मागला व पुढला. दोन मुले एकामागे एक उभी करून, मागच्याचे हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवून, ही चाल हलगीच्या ठेक्यावर करवावी. आरंभी पाय हटकून चुकतात आणि हशा पिकतो. तो पिकू द्यावा. काळविटांचा कळप बिचकला म्हणजे आधी एखादे हरीण उंच उसळते, पाठोपाठ इतर उसळतात आणि मग सर्व भरधाव सुटतात. ही लाट वर्गाने मैदानावर करून पाहावी.

कारंजा-सोहोळ अभयारण्यालगतच्या शाळांत येथे अडचण उभी राहते. हे अभयारण्य २००० साली काळविटांसाठी घोषित झाले. कळपांना कुंपण नसते. कोवळे पीक ते खातात. ज्या मुलाच्या बापाने रात्र मचाणावर काढली, तो मुलगा हरणाची मूर्ती करण्यास नकार देईल. त्याला दटावू नये, की सुंदर प्राण्याचे गुणगान ऐकवू नये. त्याचे म्हणणे वर्गासमोर पूर्ण ऐकावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि पिकाच्या नुकसानीबद्दल वन विभागाकडे विनाविलंब अर्ज करता येतो, हे दोन्ही सांगावे. अर्ज कसा करावा हे पालकांस समजावून द्यावे.

मग वारल्यांच्या वाघदेवाची गोष्ट काढावी. पालघर-डहाणूकडे वाघाची आकृती लाकडावर वा दगडावर कोरून पूजिली जाते. तो वाघ लाडका म्हणून कोरलेला नव्हे. तो गुरे नेत असे, म्हणूनच त्याच्याशी नाते जोडावे लागले. आदिलाबादकडील गोंड दिवाळीत मोरपिसांचे मोठे मुकुट घालून गुसाडी नाचतात, तोही प्राण्यापक्ष्यांचा अंश अंगावर घेण्याचाच प्रकार होय. शाळेत मात्र पिसांऐवजी कागद वापरावा.

नकार देणाऱ्या मुलाला शेत, मचाण आणि राखणदार करावयास द्यावा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्याचे मचाण बैलांच्या रांगेशेजारी, हरणांच्या कळपासमोर मांडावे. सण झाल्यावर न भाजलेल्या मूर्तींतील काटे व दोर काढून माती घमेल्यात भिजत घालावी. पुढच्या पाठाला ती तयार मिळते.