दुसरी केबल आली, तर बिल उतरेल?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. आमच्या शहराची नगरपरिषद दुसऱ्या केबल कंपनीला परवाना द्यायच्या विचारात आहे. ग्राहकांना फायदा होईल का?

उत्तर : बहुधा होईल. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३मध्ये पाहणी केली, तेव्हा तारेने सेवा देणारी दुसरी कंपनी असलेल्या ठिकाणी केबलचे दर सुमारे १५ टक्के कमी आढळले. अशी ठिकाणं मात्र जेमतेम २ टक्के होती.

कारण उघड आहे. त्याच खांबांवरून दुसरी तार ओढायची, खर्च भरमसाट. गिऱ्हाईक मात्र वाटलं जाणार.

कायद्याची आडकाठी नाही. १९९२च्या केबल कायद्यानुसार शहराला एकाच कंपनीला मक्ता देता येत नाही, आणि दुसरीला विनाकारण नकारही देता येत नाही. जाहीर सुनावणीत एवढं जरूर विचारावं : सगळ्या वस्त्यांत तार किती मुदतीत पोचणार? ही अट परवान्यात नसेल, तर नवी कंपनी सधन भागापुरतीच थांबू शकते.