गालाजवळची कातडी जिभेला?

प्रश्न : वडिलांच्या जिभेच्या कडेला कर्करोग आहे. तेवढा भाग कापून नाकाशेजारची कातडी लावणार म्हणतात. रोग पसरणार नाही ना?
– एक भगिनी, पारोळा (जि. जळगाव)

उत्तर : ताई, निरोगी कातडी लावल्याने रोग पसरत नाही. नाकाशेजारच्या घडीतली किंवा हनुवटीखालची कातडी रक्तवाहिनीसकट वळवून बसवतात, म्हणूनच ती जगते. लहान-मध्यम जखमेला एवढं पुरतं. अर्धी जीभ जाणार असेल, तर बहुधा मनगटाकडची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. ती सोय जळगाव-धुळ्यात न मिळाल्यास परळचं टाटा रुग्णालय आहे. मानेत गाठी असल्यास हनुवटीखालची कातडी सहसा टाळतात, तेवढं विचारून घ्या. तोंडात दाढीचे केस उगवले तर घाबरू नका, काढता येतात. बोलण्या-गिळण्याचा सराव डॉक्टर सांगतील तेव्हा लगेच सुरू करा. तंबाखूची चंची मात्र आजच घराबाहेर!