पुन्हा उलटलेला मेंदूज्वर

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलास मेनिंगोकॉकस जंतूमुळे दोनदा मेंदूज्वर झाला. याचे मूळ काय असावे?
– एक पालक, कळंब तालुका, जि. धाराशिव

उत्तर : रक्तद्रवातील प्रथिनांची जी साखळी जंतूंच्या आवरणास छिद्र पाडून त्यांचा नाश करते, आणि जिच्यावरील संशोधनाने ज्यूल बोर्दे यांस १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळवून दिले, त्या कॉम्प्लिमेंट साखळीतील सी-५ ते सी-९ यांपैकी एखादे प्रथिन जन्मतःच नसले, तर शरीर अन्य बहुतेक जंतूंस पुरून उरते, परंतु मेनिंगोकॉकस मात्र वारंवार डोके वर काढतो, म्हणून दुसऱ्या खेपेस तोच जंतू सापडणे ही माझ्या मते तपासणीस पुरेशी सबब आहे.

मुलगा पूर्ण बरा झाल्यावर या साखळीचे कार्य पाहणारी सीएच-५० ही रक्तचाचणी करावी. ही प्रथिने उष्णतेने लवकर निकामी होतात. धाराशिवास काढलेले रक्त साध्या पार्सलाने रवाना केल्यास निकाल खोटा येईल, तस्मात् परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत आधी चौकशी करून मुलास समक्षच न्यावे.

हा दोष बहुधा आईबाप दोघांकडून येतो. मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याचा रिवाज असलेल्या घरांत त्याचा संभव वाढतो, पण त्यात कोणाचाही अपराध नाही. भावंडांचीही तपासणी अवश्य करावी.

दोष निश्चित झाल्यास मेनिंगोकॉकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी. सरकारी लसीकरणाच्या नित्य यादीत ती नाही. लस दिली तरी ताप, आखडलेली मान वा अंगावर जांभळे ठिपके दिसताच, रात्र असो की पहाट, तत्काळ रुग्णालय गाठा आणि पूर्वीचे सर्व कागद डॉक्टरांपुढे ठेवा.