दहावा माणूस कोण? दुकानदारांनी करावयाची मोजणी

हल्ली पनवेल-उरण भागातील दुकानदार बांधव भेटले की एकच खबर सांगतात, "आता दहाचे वीस झाले, छोट्या दुकानाला कायदा उरला नाही." गव्हाणला परवा एका निकाहात तर दोघांनी हेच सांगून माझे अभिनंदन केले! ही खबर अर्धी खरी आहे आणि अर्ध्या खबरेनेच व्यापारी बुडतो.

खरे एवढेच की, 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात 2025 साली दुरुस्ती झाली व नोंदणीची मर्यादा 10 वरून 20 कामगारांवर गेली. त्याखालच्या दुकानदाराने फक्त सूचना द्यावयाची. परंतु ग्रॅच्युइटीचा आकडा 10 च आहे. तो 1972 च्या कायद्यात होता आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. भविष्य निर्वाह निधीचा आकडा 20, तो वेगळाच. कायदे अनेक, तसे आकडेही अनेक.

आता खरी अडचण ऐका. मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसे कामावर असली की ग्रॅच्युइटी लागू होते. नंतर सात उरली तरी सुटका नाही. आपल्या दुकानात ही दहावी व्यक्ती कधी येते? रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत! माझ्याकडे कायमची सात माणसे. ईदसाठी दरवर्षी तीन-चार मुले जास्त घेत असे. 2019 साली चौदा वर्षांचा जुना सेल्समन काम सोडून गावी निघाला, त्याने ग्रॅच्युइटी मागितली. "माझ्याकडे सातच माणसे," असे मी ठणकावून सांगितले. वकिलाने माझीच ईदची पगारवही माझ्यासमोर ठेवली. पगार 13,000. त्याला 26 ने भागून 15 दिवसांचे 7,500, गुणिले 14 वर्षे, म्हणजे 1,05,000 रुपये. हे 30 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर वर व्याज. सूद घेत नाही म्हणणारा मी सूद देण्याच्या बेतात होतो. पैसे दिले, पण त्या भल्या माणसाशी पंधरा दिवस अबोला धरला, त्याची शरम आजही वाटते.

शिलाईवाल्या बांधवांनी तर जास्तच जपावे. "आमचे कारागीर नगावर आहेत, नोकर नाहीत," हे पुरेसे नाही. 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने एका टेलरिंग दुकानाच्या खटल्यात, दुकानात बसून नगावर शिवणाऱ्या कारागिरांनाही कामगारच ठरवले आहे.

नव्या संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावयाचे आहे आणि काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करावयाचा आहे. गिऱ्हाइकाची शंभर रुपयांची उधारी आपण तारखेसह लिहितो, सूरह बकरहमध्ये तसा हुकूमच आहे. मग चौदा वर्षे राबणाऱ्याची बोली तोंडी का? नाव, कामावर आल्याची तारीख, पगार, सुट्टीचा वार, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी व एक प्रत त्याच्या हाती द्यावी. हंगामी मुलाच्या कागदावर काम संपण्याची तारीखही घालावी.

माझा मुलगा आता रमजानच्या चंद्रापासून हजेरीची वेगळी वही घालतो. दहावे नाव लिहिण्यापूर्वी तो मला विचारतो.