पहिल्या पावसाचे पाणी आणि कावीळ

पहिला वळीव पडला, की लोक मला म्हणतात, "डॉक्टर, नाला धुऊन निघाला." मी म्हणतो, नाला नव्हे, शहर धुऊन निघाले!

कळंब्याच्या बाजूने येणारा जयंती नाला कोल्हापुरातून वाहत पंचगंगेला मिळतो. मातीत पाणी मुरते. डांबरावर मुरत नाही, घाण घेऊन पळते. उन्हाळाभर साचलेले तेल, टायरची धूळ, शेण, सारे पहिल्या तासाभरातच नाल्यात उतरते. गटारे तुंबली, तर मैलाही मिसळतो. आणि नदीच्या खालच्या अंगाला रुकडी, इचलकरंजी, शिरोळ आहेत.

इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस 'ई'ची. हा विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. त्याची खोड अशी, की पाणी पोटात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी आजार दिसतो. तोवर पाणी कुणाला आठवत नाही. दोष लग्नातल्या जेवणाला! गरोदर स्त्रीच्या मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेततो.

तुरटीने पाणी नितळ होते, पण सगळे जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात क्लोरीनही वाया जाते. म्हणून पाणी आधी निवळू द्यावे, चौपदरी फडक्याने गाळावे, मग खळखळून उकळावे. नाल्याकाठच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येत असेल, तर ते पिऊच नये. उकळल्याने विषाणू मरतो, तेल जात नाही.